शिसपेन्सिलीचा काळा पदर: बॅटरीतील कार्बन, संगणकातील अणू आणि जव्हार-मोखाड्याचा प्रश्न

१/
जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर 'बॅटरी' म्हणजे विजेरी, आणि तिच्यात घालायचा तो 'सेल'. संपलेला सेल दगडाने फोडून आतली काळी कांडी काढायची आणि तिने भिंतीवर रेघोट्या ओढायच्या, हा एके काळी खेड्यापाड्यांतील मुलांचा आवडता उद्योग होता. ती कांडी कार्बनची. आज त्याच पाड्यांवर मोबाईल पोहोचला आहे. त्याच्या पोटातल्या बॅटरीतही कार्बनच आहे, फक्त तो पदरापदरांनी रचलेला आहे. त्याचे नाव ग्रॅफाइट. हा धागा त्या काळ्या पदरांचा आहे, आणि प्रयोगशाळेत तयार होण्याआधीच संगणकात तपासल्या गेलेल्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचाही.

२/
पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज निर्माण करते. मोखाड्याच्या डोंगरांत अडवलेले वैतरणेचे पाणी मुंबईला जाते. तरीही आषाढातल्या वाऱ्याने घाटात तारेवर झाड पडले की पाडा अंधारात बुडतो. अशा रात्री बाळंतिणीसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची असेल, तर मोबाईलमध्ये चार्ज शिल्लक असावा लागतो. तेथे बॅटरीला तीनच प्रश्न विचारले जातात: किती वेळ चालेल, किती वर्षे टिकेल आणि केवढ्याला मिळेल? पुढचा सारा इतिहास वाचताना हे तीन प्रश्न विसरू नयेत.

३/
प्रथम एका शब्दाचा गुंता सोडवणे आवश्यक आहे. शालेय विज्ञानात ॲनोडला 'धनाग्र' म्हणतात. विद्युत अपघटनापुरते ते बरोबरही आहे. पण वीज पुरवत असलेल्या बॅटरीत ॲनोड हे ऋण टोक असते. चार्ज करताना लिथियमचे आयन तेथे येऊन वस्तीला राहतात, आणि बॅटरी वापरात असताना तेथून निघून द्रवातून पलीकडच्या कॅथोडकडे जातात. त्यांच्यापासून सुटलेले इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेतून जातात. त्या प्रवाहावर दिवा लागतो. म्हणजे ॲनोड ही लिथियमची धर्मशाळा आहे. तिच्यात खोल्या किती आणि दारे केवढी, यावर बॅटरीचे निम्मे भवितव्य ठरते.

४/
ग्रॅफाइटची ओळख मराठी माणसाला शाळेच्या पहिल्याच वर्षी होते, पण चुकीच्या नावाने. 'शिसपेन्सिल' या शब्दात शिसे आहे, पेन्सिलीत ते मुळीच नाही. हा गैरसमज जगभरचा. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलच्या खाणीत हा काळा, मऊ दगड सापडला तेव्हा तो शिशाचाच प्रकार मानला गेला. तो कार्बन आहे हे कार्ल शील याने १७७९ मध्ये दाखवले. अभ्रकाचे जसे पापुद्रे निघतात, तसेच याचेही निघतात. कागदावरची पेन्सिलीची रेघ म्हणजे एकमेकांवरून घसरून मागे राहिलेले ग्रॅफाइटचे पदर.

५/
प्रत्येक पदरात कार्बनचे अणू मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनांत घट्ट बांधलेले असतात. दोन पदरांमधली ओढ मात्र फार क्षीण असते. त्यांच्यातले अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. चार्ज करताना लिथियम या फटीत शिरतो तेव्हा पदर थोडे दूर सरकतात आणि अंतर सुमारे ३.७० होते. लिथियम निघून गेला की ते पुन्हा जवळ येतात. पदर सुटलेली पोळी फुगावी आणि न फाटता परत बसावी, तसा हा व्यवहार शेकडो वेळा होऊ शकतो. ग्रॅफाइटची खरी किंमत या न फाटण्यात आहे.

६/
ग्रॅफाइटची क्षमता किती, हे कागद-पेन्सिलीने काढता येते. पूर्ण भरलेल्या ग्रॅफाइटमध्ये सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम बसतो. सहा मोल कार्बनचे वजन सुमारे ७२ ग्रॅम. एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार ९६,४८५ कूलोम, म्हणजेच सुमारे २६,८०० मिलिअँपिअर-तास. भागाकार केला की एका ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास येतात. ॲनोडविषयीच्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात हा आकडा भेटतो, कारण नव्या पदार्थाला पहिली कुस्ती त्याच्याशीच खेळावी लागते. त्यासाठी एक तर जास्त लिथियम धरावा लागतो, नाही तर वजनाने हलके असावे लागते.

७/
पदरांच्या पदार्थांत लिथियम साठवण्याची कल्पना ॲनोडच्या आधी पलीकडच्या टोकाला वापरली गेली. एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइड हा पदरी पदार्थ कॅथोड म्हणून घेतला. १९७६ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. ॲनोड म्हणून त्यांनी शुद्ध लिथियम धातू वापरला होता. पण चार्ज होताना धातूवर लिथियमचे काटेरी कोंब फुटत. ते वाढत जाऊन पलीकडे टेकले की आत शॉर्ट सर्किट होई आणि आग लागे. लिथियमला उघड्यावर न ठेवता कोणाच्या तरी घरात ठेवणे भाग होते.

८/
१९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा पदरी कॅथोड दिला. त्याच सुमारास ग्रेनोबल येथे रशीद याझामी यांनी ग्रॅफाइटमध्ये लिथियम आत-बाहेर करता येतो हे दाखवले. तरी ग्रॅफाइट लगेच वापरात आले नाही. तेव्हाच्या प्रॉपिलीन कार्बोनेट या द्रवात त्याचे पदर सुटून भुगा होई. म्हणून अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये पेट्रोलियम कोक हा कमी सुव्यवस्थित कार्बन निवडला. १९९१ मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तीही ग्रॅफाइटविना. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

९/
ग्रॅफाइटला वाचवले ते द्रवातल्या बदलाने. १९९० मध्ये जेफ डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एथिलीन कार्बोनेट असलेल्या द्रवात पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर दुधावरच्या सायीसारखा एक पातळ थर धरतो. तो लिथियमला वाट देतो आणि द्रवाला अडवतो, त्यामुळे पदर शाबूत राहतात. दोन द्रवांच्या रेणूंत फरक एका लहानशा कार्बन-शाखेचा, पण एकाने ग्रॅफाइटचा भुगा केला आणि दुसऱ्याने त्याला संरक्षण दिले. ही साय पुढे पुन्हा भेटणार आहे, कारण संगणकाने केलेली पुष्कळशी भाकिते तिच्यापाशीच अडखळली.

१०/
एवढ्या चाचपडण्याला दोन दशके लागली. मग हे सारे आधीच गणिताने का काढता येऊ नये? अणूंचे आणि इलेक्ट्रॉनांचे नियम १९२० च्या दशकातच हाती आले होते. अडचण समीकरणे सोडवण्याची होती. सहा कार्बन आणि एक लिथियम यांत मिळून ३९ इलेक्ट्रॉन. प्रत्येकाच्या स्थानासाठी तीन अंक धरले तर ११७ अंक झाले. प्रत्येक अंकाला फक्त दहा पर्याय दिले तरी नोंदींची संख्या एकावर ११७ शून्ये एवढी होते. दृश्य विश्वातील अणूंची संख्या अंदाजे एकावर ८० शून्ये. अशी वही कोणत्याही यंत्रात मावणारी नाही.

११/
वाट सापडली ती १९६४ मध्ये, पॅरिसमध्ये. पिएर होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी सिद्ध केले की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा हिशेब ठेवण्याची गरज नाही. कोणत्या जागी इलेक्ट्रॉनांची दाटी किती, एवढे कळले तरी पुरे. मोखाड्याच्या बोहाड्याचे उदाहरण घ्यावे. रात्रभर जमलेल्या गर्दीतला प्रत्येक माणूस कोठून कोठे गेला, याची नोंद कोणीही ठेवू शकणार नाही. पण मैदानात कोठे किती दाटी आहे याचा नकाशा मिळाला, तर सोंग कोठे नाचते आहे आणि वाद्ये कोठे वाजत आहेत, हे त्यावरून ओळखता येते. दाटीच्या नकाशात सारी माहिती दडलेली असते, हाच त्या प्रमेयाचा आशय.

१२/
पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, कोन आणि लू शॅम यांनी हा नकाशा प्रत्यक्ष काढण्याची रीत दिली. वॉल्टर कोन हे व्हिएन्नाच्या ज्यू कुटुंबातले. नाझींच्या ताब्यातील ऑस्ट्रियातून मुलांना बाहेर काढणाऱ्या मोहिमेत ते १९३९ मध्ये इंग्लंडला पोहोचले; त्यांचे आईवडील मागे राहिले आणि छळछावणीत मारले गेले. १९९८ मध्ये कोन यांना नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे. रसायनाच्या बाटलीला हात न लावता रसायनशास्त्र करता येते, याला मिळालेली ती मोठी मान्यता होती. त्यांच्या रीतीला घनता-फलन सिद्धान्त म्हणतात. पदरी ॲनोडांचा संगणकीय अभ्यास बहुतांशी याच पायावर उभा आहे.

१३/
संगणक मुळात एकच गोष्ट सांगतो: अणूंच्या दिलेल्या रचनेची ऊर्जा किती. पण तीन ऊर्जा हाती आल्या की बॅटरीचा व्होल्ट निघतो. रिकाम्या पदार्थाची ऊर्जा, लिथियम धातूची ऊर्जा आणि लिथियम भरलेल्या पदार्थाची ऊर्जा. पहिल्या दोहोंची बेरीज तिसरीपेक्षा जितकी अधिक, तितका लिथियम त्या घरात सुखी. गेरब्रँड सेडर यांच्या एमआयटीतील गटाने १९९७ मध्ये अशा गणिताने अनेक ऑक्साइडांचे आणि सल्फाइडांचे व्होल्ट काढले, आणि १९९८ मध्ये गणिताने सुचवलेला कॅथोड प्रत्यक्ष बनवून तपासला. ॲनोडसाठी हा व्होल्ट कमी हवा, मात्र शून्याखाली नको. शून्याखाली गेला की लिथियम आत न शिरता बाहेर धातू होऊन साचतो, आणि मग पुन्हा तेच काटेरी कोंब.

१४/
दुसरा प्रश्न वेगाचा. लिथियम एका घरातून शेजारच्या घरात जाताना वाटेत ऊर्जेची खिंड लागते. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा प्रवासी डोंगराच्या माथ्यावरून जात नाही, सर्वांत कमी चढाची वाट शोधतो. संगणकही अणूसाठी अशीच वाट शोधतो आणि खिंडीची उंची इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगतो. ही उंची फक्त ०.०६ ने कमी झाली, तर साध्या तापमानाला उड्यांचा वेग सुमारे दहापट होतो. बॅटरी अर्ध्या तासात भरेल की रात्रभर लावून ठेवावी लागेल, याचे एक कारण या खिंडीत असते. थोडा वेळच वीज येणाऱ्या पाड्यावर हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही.

१५/
सिद्धान्त होता, यंत्र हवे होते. या गणितात अणू दुप्पट केले की काम साधारण आठपट होते. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. पुष्कळ घासाघिशीनंतर कमी ताकदीचे एक यंत्र हवामानाच्या अंदाजापुरते, कडक अटींवर मिळाले. या अनुभवानंतर मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेले विजय भटकर तिचे नेतृत्व करत होते. अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. सोनीची पहिली लिथियम-आयन बॅटरीही त्याच वर्षीची.

१६/
यंत्रांबरोबर माणसेही घडत होती. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दिलीप कान्हेरे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अणूंच्या लहान पुंजांवर अनेक वर्षे घनता-फलन सिद्धान्ताने काम केले. गॅलियम धातू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पण त्याचे मोजक्या अणूंचे पुंज कितीतरी जास्त तापमानापर्यंत टिकतात. असे का, याचे उत्तर या गटाने २००४ मध्ये संगणकातून दिले: लहान पुंजांत अणूंमधील बंधांचा स्वभावच बदलतो. आयआयटी मुंबईत शिकलेले उमेश वाघमारे यांनी बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातून एकपदरी पदार्थांच्या कंपनांवर महत्त्वाचे काम केले. त्यांना २०१० मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. पदार्थ पातळ किंवा लहान झाला की त्याचे गुण बदलतात, हा धडा या साऱ्या कामात समान आहे.

१७/
त्याच २००४ मध्ये मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एकच पदर वेगळा केला. तो ग्रॅफीन. बॅटरीवाल्यांना लगेच मोह झाला: पदर सुटा असेल तर लिथियम दोन्ही बाजूंना बसेल, क्षमता दुप्पट होईल, ७४४. पण २०१२ मध्ये ईनसू ली आणि क्रिस्टिन पर्सन यांच्या गणिताने वेगळेच सांगितले. निर्दोष, एकट्या ग्रॅफीनवर लिथियम स्थिर बसत नाही. पृष्ठभागावर पसरण्यापेक्षा तो आपल्याच अणूंच्या संगतीत राहणे पसंत करतो. ग्रॅफाइटमध्ये लिथियमला वर आणि खाली असे दोन पदर मिळतात. त्यातला एक काढून घेतला की आसराही कमी होतो.

१८/
तरी शर्यत सुरू झालीच. सिलिकॉनचा पदर सिलिसीन, फॉस्फरसचा फॉस्फोरीन, बोरॉनचा बोरोफीन, धातू आणि कार्बन यांचे पदरी एमएक्सीन, मॉलिब्डेनमचे सल्फाइड. संगणकात पदार्थ बनवायला भट्टी लागत नाही, म्हणून शोधनिबंध झपाट्याने वाढले. त्यांची रचनाही ठरून गेली: लिथियम कोठे बसतो, व्होल्ट किती, खिंड केवढी, क्षमता ३७२ च्या किती पट, आणि शेवटी 'हा पदार्थ आशादायक आहे' हे वाक्य. यांतले बहुतेक पदार्थ आजच्या मोबाईलमध्ये नाहीत. तेथे अजूनही ग्रॅफाइट आहे, काही ठिकाणी थोडे सिलिकॉन मिसळलेले. असे का झाले, हे तीन उदाहरणांतून कळते.

१९/
पहिले बोरोफीन. बोरॉन कार्बनपेक्षा हलका, म्हणून दर ग्रॅमचा हिशेब आपोआप सुधारतो. २०१६ च्या एका गणिताने त्याची क्षमता १८६० काढली, म्हणजे ग्रॅफाइटच्या पाचपट, आणि एका दिशेने खिंड जवळजवळ सपाट. गणितात चूक नव्हती. पण बोरोफीन २०१५ मध्ये प्रथम तयार झाले ते चांदीच्या पृष्ठभागावर, अतिनिर्वात कोठडीत. उघड्या हवेत ते सहज ऑक्सिजन धरते. ज्या पदराला अस्तित्वासाठी चांदीचा पाट आणि निर्वात खोली लागते, तो विजेरीत कसा घालायचा, याचे उत्तर त्या पाचपटीत मिळत नाही.

२०/
दुसरे एमएक्सीन. २०११ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात टायटॅनियम कार्बाइडचे असे पदर प्रथम वेगळे झाले. पुढच्याच वर्षी झेन झोउ यांच्या चिनी गटाने संगणकात त्याचा उघडा पदर तपासला. क्षमता ३२० आली आणि खिंड अगदी ठेंगणी. पण हे पदर आम्लातून निघतात, त्यामुळे त्यांच्या अंगावर फ्लोरिन आणि हायड्रॉक्सिल चिकटलेले असतात. याच गटाने हे पांघरूण धरूनही गणित केले, तेव्हा क्षमता घसरली आणि खिंड उंचावली. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मिळतो तो पांघरलेला पदर. दोन्ही आकडे शेजारी मांडणारा हा निबंध म्हणूनच या क्षेत्रातला एक प्रामाणिक नमुना ठरतो.

२१/
तिसरे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, खनिज रूपात निसर्गात सापडणारे आणि हाताला ग्रॅफाइटसारखेच गुळगुळीत लागणारे. त्याची कागदावरची क्षमता ६७०. पण हा आकडा एका रेणूमागे चार लिथियम धरून येतो, आणि तेवढे लिथियम भरल्यावर पदर उरतच नाहीत: धातूचे बारीक कण आणि लिथियम सल्फाइड यांचे मिश्रण होते. धर्मशाळा मोडून तिच्याच विटांवर बिऱ्हाड थाटल्यासारखे. काही फेऱ्यांनंतर पुन्हा बांधलेले घर पूर्वीचे नसते. क्षमतेचा आकडा मोठा असला तरी तो पदरांचा राहत नाही.

२२/
सिद्धान्तालाही स्वतःची उणीव होती, आणि ती नेमकी पदरांपाशी. कोन-शॅम रीत तत्त्वतः अचूक आहे, पण ती वापरताना एका पदासाठी अंदाज घ्यावा लागतो. जुन्या लोकप्रिय अंदाजांत व्हॅन डर वाल्स नावाची क्षीण ओढ नीट पकडली जात नसे. आणि ग्रॅफाइटचे पदर धरून ठेवते ती हीच ओढ. परिणामी संगणकात ग्रॅफाइटचे पदर एकमेकांना जवळजवळ धरतच नसत. २००४ पासून या ओढीसाठी नव्या रीती आल्या. २००६ ची स्टेफान ग्रिमे यांची दुरुस्ती त्यांपैकी एक, आणि ती पुष्कळ रुळली. म्हणून पदरी पदार्थाचा निबंध वाचताना ही दुरुस्ती घेतली होती का, हे प्रथम पाहावे लागते.

२३/
पडद्यावर न दिसणारे पुष्कळ काही उरते. पदर जितके सुटे, तितका त्यांचा उघडा पृष्ठभाग जास्त. पृष्ठभाग जास्त, तितकी साय जास्त. आणि प्रत्येक साय थोडे लिथियम कायमचे गिळते. पहिल्याच चार्जिंगला असे लिथियम गेले की मोठ्या क्षमतेचा नफा तेथेच आटतो. सुटे पदर जागाही अधिक व्यापतात; दर ग्रॅमला श्रीमंत असलेला पदार्थ दर घनसेंटिमीटरला गरीब निघू शकतो. संगणकातले हे गणित बहुधा शून्य केल्व्हिन तापमानाचे आणि निर्दोष स्फटिकाचे असते. पत्र्याच्या छपराखालचा वैशाख, दमट श्रावण आणि पाचशेवे चार्जिंग यांपैकी काहीच त्यात नसते.

२४/
मग या गणिताचा उपयोग काय? त्याची सर्वांत भरवशाची देणगी आहे 'का नाही' हे सांगणे. सोडियम स्वस्त आणि मुबलक, पण ग्रॅफाइटमध्ये तो जेमतेम शिरतो. तो आकाराने मोठा म्हणून, असे सोपे कारण दिले जाई. परंतु पोटॅशियम त्याहून मोठा असून ग्रॅफाइटमध्ये शिरतो. २०१६ मध्ये विल्यम गोडार्ड यांच्या गटाने गणिताने दाखवले की दोष आकाराचा नाही: अल्कली धातूंच्या ओळीत सोडियमचे पृष्ठभागांशी बंधनच सर्वांत दुबळे पडते. या एका उत्तराने अनेक वर्षांचे चुकीचे प्रयत्न वाचू शकतात. सोडियमसाठी ग्रॅफाइट ताणून बसवण्यापेक्षा दुसरा कार्बन घ्यावा, हे स्पष्ट होते.

२५/
तो दुसरा कार्बन म्हणजे कठीण कार्बन: ज्यात पदर आहेत, पण ते चुरगळलेले, वेडेवाकडे आणि मध्ये पोकळ्या असलेले. तो वनस्पतींच्या अवशेषांपासूनही बनतो. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजने सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. त्यामागे आयसर पुणे येथील संशोधन होते. याच महिन्यात चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध लागू केले. वसई ते डहाणू या किनाऱ्यावर मिठागरांची जुनी परंपरा आहे, आणि मिठात सोडियम आहे. मिठागरातून थेट बॅटरी निघत नाही, हे खरे. पण कच्चा माल कोणाच्या दारात आहे याला अर्थ असतो.

२६/
पदरी पदार्थांच्या संगणकीय अभ्यासाला म्हणून खोटा ठरवण्याचे कारण नाही आणि डोक्यावर घेण्याचेही नाही. त्याने दिलेला मोठा आकडा म्हणजे उमेदवाराचा अर्ज. नेमणूक पुढे प्रयोगशाळा, कारखाना आणि ऊनपाऊस करतात. मात्र हजार अर्जांतून नऊशे नव्वद बाजूला काढणे हेही मोठे काम आहे, विशेषतः ज्या देशात प्रत्येक प्रयोगाचा पैसा मोजून खर्च होतो तेथे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्याला हव्या असलेल्या बॅटरीचे वर्णन कोणत्याही निबंधाच्या सारांशात सापडत नाही: स्वस्त, उन्हाळा सोसणारी, पाच-सात पावसाळे टिकणारी. दर ग्रॅमच्या क्षमतेशेजारी हे तीन रकाने भरून कोणी तक्ता मांडला, तर नव्या पदरांचा क्रम कदाचित पुष्कळ बदलेल. (समाप्त)